काळीतली टाकी आणि तिचा पाया



घर बांधायला काढले की आपण पायाची पूजा करतो, नारळ फोडतो, पाया कमरेइतका घ्यावा की छातीइतका यावर चार जाणत्यांना विचारतो. पाण्याच्या टाकीचे मात्र तसे होत नाही. जेसीबी येतो, तासाभरात खड्डा होतो, दुसऱ्या दिवशी सळई बांधली जाते आणि आठवड्यात काँक्रीट ओतून मोकळे. "जमिनीतच तर बसायची आहे, तिला कसला आलाय पाया?" असे गवंडी म्हणतो आणि मालकालाही ते पटते. पुढे टाकी गळू लागली की सिमेंटला नाहीतर गवंड्याला बोल लावायचा. खरे दुखणे बहुतेक वेळा तळाखाली असते, आणि तिथे कोणी पाहिलेलेच नसते.

माझ्या मावसभावाची वस्ती कळंब तालुक्यात, मांजरेच्या खोऱ्यात आहे. शिवार भरदार काळीचे. आठ-नऊ फूट खोदले तरी मुरूम लागत नाही. त्याने गावातले घर सोडून शेतात घर बांधले आणि अंगणात जमिनीखाली टाकी केली. छताचे पाणी तिच्यात सोडले. पहिल्या पावसाळ्यात टाकी काठोकाठ भरली, तेव्हा वहिनींनी पाण्याला हळदकुंकू वाहिले. वहिनी हिशेबी. वेळूच्या काठीवर त्यांनी खुणा करून ठेवल्या आणि रोज संध्याकाळी काठी बुडवून पाणी मोजू लागल्या. फाल्गुनात त्यांच्या ध्यानात आले की घरात जेवढे वापरतो त्याहून पाणी जास्त उतरते आहे. चैत्र लागायच्या आत टाकी तळाला गेली आणि पुन्हा टँकरच्या रांगेत घागरी लागल्या. दुसऱ्या वर्षीही तोच प्रकार.

तिसऱ्या वर्षी भावाने ठरवले की टाकी रिकामी करून भेग कुठे आहे ते पाहायचे. मुहूर्त धरला भाद्रपदाचा. पाऊस चालूच आहे, दुरुस्ती झाली की टाकी पुन्हा भरेल, हा विचार वरवर शहाणपणाचाच होता. दिवसभर मोटार लावून टाकी कोरडी केली. तळात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेली भेग सापडली, ती उद्या भरू म्हणून सगळे झोपले. रात्री उत्तरेचा पाऊस झोडपून गेला. पहाटे वहिनी बाहेर आल्या तर टाकीचा एक कोपरा वीतभर वर आलेला, नळ्या तुटलेल्या आणि भोवतीची फरशी उचकटलेली. चाळीस-पन्नास टनांची काँक्रीटची टाकी रात्रीत होडीसारखी कलली होती. गावातले लोक पाहायला आले. कोणी करणी म्हणाले, कोणी भूकंप म्हणाले. दोन्ही नव्हते. ते का घडले हे नीट समजून घेतले, तर टाकीचा पाया कसा असावा हे आपोआप कळते.

आधी थोडे आपल्या वाडवडिलांविषयी. गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन भागांत वाटलेली असते, हे तुम्हांला सांगायला नको. काळीत पीक घ्यायचे आणि पांढरीत राहायचे. घरे, गढ्या, वाडे सगळे पांढरीवर. ज्वारी साठवायची पेवेसुद्धा पांढरीतच खोदायची, काळीत कधी नाही. काळी उन्हाळ्यात फाटते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्या पोटात ठेवलेली कोणतीही वस्तू ती वर्षातून दोनदा हलवून पाहते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. आता गावठाण अपुरे पडले. भाऊ वेगळे झाले, जो तो आपापल्या शेतात वस्ती करून राहू लागला. घरे काळीवर आली आणि टाक्या काळीच्या पोटात गेल्या. म्हणजे टाकीच्या पायाचा प्रश्न आपल्या आजोबांपुढे नव्हता, तो आपल्या पिढीपुढेच आला आहे.

आपल्याच जिल्ह्यात पाण्याचे पक्के काम पाहायचे असेल तर नळदुर्गच्या किल्ल्यात जाऊन यावे. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला तो इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ साली. चारशे पावसाळे त्याच्या डोक्यावरून गेले. सहलीला गेलेली मंडळी नर-मादी धबधबे पाहतात, फोटो काढतात आणि परततात. पुढच्या वेळी तो बांध कशावर उभा आहे तेही पाहा. नदीच्या पात्रात आणि दोन्ही कडांना अखंड काळा पाषाण आहे. ज्याला असा खडक मिळाला त्याचे अर्धे काम देवाने केले. आपल्याला तो क्वचितच मिळतो. बालाघाटाच्या माथ्यावर, तुळजापूर, भूम, वाशीकडच्या माळरानात दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो. तिथल्या लोकांनी टाकी करताना फारशी चिंता करू नये. मांजरा, तेरणा, सीना यांच्या काठच्या खोल काळीवाल्यांनी मात्र पुढचे सगळे काळजीपूर्वक वाचावे.

आता पहिला गैरसमज काढू. पुष्कळांना वाटते की पाण्याचे वजन फार, म्हणून जमीन दबते आणि टाकी खचते. आपण हिशेबच मांडू. घरात सहा माणसे, दोन बैल आणि एक म्हैस धरा. माणशी ४० लिटर आणि जनावरांचे मिळून दीडशे-पावणेदोनशे लिटर, म्हणजे दिवसाला जवळपास ४०० लिटर. फेब्रुवारी ते मे हे चार महिने काढायचे तर ४८,००० लिटर पाणी साठवले पाहिजे. त्यासाठी आतून ४ मीटर रुंद, ५ मीटर लांब आणि २.४ मीटर पाणी राहील एवढी खोल टाकी लागते. (छताचे म्हणाल, तर १०० चौरस मीटर म्हणजे सुमारे पावणेअकराशे चौरस फूट छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-बाष्प वजा जाता ५५ हजार लिटरांच्या आसपास पाणी मिळते. म्हणजे सर्वसाधारण पावसाच्या वर्षी टाकी भरते.)

या टाकीत पाणी झाले ४८ टन. भिंती आणि तळ २० सेंटिमीटरचे आणि वरचा स्लॅब १५ सेंटिमीटरचा धरला तर काँक्रीट साडेअठरा घनमीटरच्या घरात जाते, त्याचे वजन सुमारे ४६ टन. ही जाडी इथे हिशेबापुरती घेतली आहे. तुमच्या टाकीची अभियंत्याने ठरवावी. दोन्ही मिळून भरलेली टाकी ९४ टनांची. आता त्या जागेतून जी माती काढली तिचे वजन करा. सव्वासात-साडेसात ब्रास नव्हे, चांगली पंचवीस ब्रासांहून जास्त माती निघते. तिचे वजन १३० टनांच्या आसपास भरते. म्हणजे टाकी काठोकाठ भरली तरी त्या जागेवरचे ओझे पूर्वीपेक्षा कमीच होते. जमिनीने पूर्वी १३० टन पेलले, ती ९४ टनांनी कशी दबेल?

तेव्हा टाकी ओझ्याने खचत नाही. ती बिघडते तीन कारणांनी: खालची माती एकसारखी नसते म्हणून, काळी फुगते-आकसते म्हणून, आणि बाहेरचे पाणी तिला उचलते म्हणून. भावाच्या टाकीला यांपैकी दोन कारणे एकदम भोवली.

उचलण्याचेच आधी सांगतो, कारण ते कोणाला खरे वाटत नाही. गोरोबाकाकांच्या तेरला प्राचीन मंदिरांच्या विटा पाण्यावर तरंगतात, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती वीट हलकी, सच्छिद्र असते, म्हणून तरंगते. काँक्रीट जड, ते बुडते. पण लोखंडाचे जहाज तरंगते ना? पोकळ वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला खालून वर ढकलतो. आपली टाकी बाहेरून साडेबहात्तर घनमीटर जागा व्यापते. ती रिकामी असताना भोवतीचे पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत चढले, तर वर ढकलणारा जोर साडेबहात्तर टन आणि टाकीचे वजन ४६ टन. टाकी वर येणारच. एवढेही पाणी लागत नाही. तळापासून साडेसहा फूट पाणी चढले की टाकी अधांतरी होते.

"आमच्या विहिरीचे पाणी चाळीस फुटांवर आहे, इथे कुठले पाणी येणार?" असे यावर हमखास विचारतात. विहिरीचा इथे संबंध नाही. काळीतला खड्डा म्हणजे बशी आणि टाकी म्हणजे बशीत ठेवलेला पेला. भोवतीची पोकळी आपण सैल मातीने बुजवतो. छताचे ओघळ आणि अंगणाचे पाणी त्या सैल मातीत शिरते. पण ओली काळी पाणी खाली जाऊ देत नाही. बशी भरते, पेला तरंगतो. २०२५ च्या सप्टेंबरात भूम-परंड्याकडे जो पाऊस आणि पूर झाला, तसा काळ आला तर विचारायलाच नको. म्हणून एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी: जमिनीखालची टाकी धुवायची वा दुरुस्त करायची ती उन्हाळ्यात. मृगापासून दिवाळीपर्यंत तिच्यात निदान साडेचार फूट पाणी असू द्यावे.

हा झाला सांभाळ. बांधतानाच करायचा उपाय वेगळा. तळाचे काँक्रीट भिंतीच्या बाहेर चारी बाजूंनी अर्धा मीटर काढायचे, घराच्या जोत्याला पायरी काढावी तसे. या कडेवर भरावाची माती बसते आणि टाकी उचलायची तर तीही उचलावी लागते. आपल्या उदाहरणात ही कड आणि तिच्यावरची माती मिळून पाण्याखालचे वजन धरूनही सत्तावीस-अठ्ठावीस टनांची भर पडते. ४६ टनांचे जवळजवळ ७४ टन होतात आणि जोराला बरोबरी होते. नुसती बरोबरी मात्र पुरत नाही. पाणी धरणाऱ्या बांधकामांसाठी भारतीय मानक ३३७० आहे, त्यात खाली धरणारे वजन जोराच्या १.२ पट असावे असे धरतात. म्हणून कडेच्या जोडीला थोडे पाणी ठेवणे, नाहीतर तळ जाड करणे, आणि काही झाले तरी भोवतीचे पाणी दूर काढणे हे लागतेच.

आता फुगण्याचे. आपली काळी ज्या चिकणमातीची बनली आहे, तिचे कण पाटीचे थर असावेत तसे असतात. थरांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळले की जवळ येतात. फुगणाऱ्या मातीचा जोर एवढा असतो की एकमजली घर ती सहज उचलते. शिवाय ती सगळीकडे सारखी फुगत नाही. टाकीच्या कडांना पाणी लागते, मध्यभागी लागत नाही. कडा वर ढकलल्या जातात आणि तळ मधे मोडतो. टाकी गळायला लागली की उलटे होते. भेगेखालची माती भिजते, तिथेच फुगते आणि भेग आणखी रुंद करते. गळती स्वतःच स्वतःला वाढवत नेते. वहिनींच्या काठीवर दुसऱ्या वर्षी पाणी पहिल्यापेक्षा वेगाने उतरले ते यामुळे.

तुमच्या जागेची माती किती फुगते हे घरीच पाहता येते. ज्या खोलीवर टाकीचा तळ येणार तिथली मूठभर माती आणा. वाळवा, कुटा, पिठाच्या बारीक चाळणीने चाळा. सारख्या मापाच्या दोन काचेच्या उभ्या बाटल्या घ्या. दोन्हींत दोन-दोन चमचे माती टाका. एकीत रॉकेल ओता, दुसरीत पाणी. काडीने हलवून हवा काढा आणि एक दिवस ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही थरांची उंची पट्टीने मोजा. पाण्यातला थर दीडपटीच्या आत असेल तर फारशी काळजी नाही, दीडपट ते दुप्पट असेल तर सावध, आणि दुपटीच्या वर गेला तर ती माती टाकीखाली अजिबात ठेवू नका. प्रयोगशाळेत हीच परीक्षा मोजनळीत करतात. मुले विज्ञानाच्या प्रयोगवहीत लिहितील ते वेगळेच. (रॉकेल हल्ली मिळणे अवघड. नाहीच मिळाले, तर माती अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावी.)

खोदाईला पौष-माघ हा काळ उत्तम. वैशाखात काळी फाटून कोरडीठाक झालेली असते. त्यावर काँक्रीट टाकले तर पहिल्याच पावसात ती पूर्ण ताकदीने फुगते. आषाढात खोदले तर चिखल, शिवाय दरड ढासळायची भीती. हे दरडीचे जरा मनावर घ्या. काळीचा उभा काप सकाळी भिंतीसारखा ताठ दिसतो आणि दुपारी कोसळतो. दहा फूट खोल खड्ड्यात माणूस असेल तर त्याला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. बाजूंना उतार द्या किंवा पायऱ्या ठेवा, काढलेली माती काठापासून निदान पाच फूट दूर टाका, आणि खड्ड्यात कधी एकट्याला उतरवू नका. पोरांना तर तिकडे फिरकू देऊ नका.

जेसीबीने तळापर्यंत खोदू नये. त्याचे दात तळ पोखरून ठेवतात. शेवटचे अर्धा फूट टिकाव-फावड्याने हाताने काढावे, आणि ज्या दिवशी खालचा कच्चा काँक्रीटचा थर टाकायचा त्याच दिवशी काढावे, म्हणजे उन्हाने माती फाटत नाही. तळ उघडा झाला की पहार आपटत सगळीकडे फिरा. गोरोबाकाकांनी थापटण्याने मडकी पारखावीत, तसा तळ आवाजाने पारखता येतो. पक्क्या मुरमावर पहार खणकते, भुसभुशीत जागी बद्द वाजते. अर्ध्या भागात खणक आणि अर्ध्या भागात बद्द असेल, तर ती जागा सर्वांत वाईट. निम्मी टाकी खडकावर आणि निम्मी मातीवर बसली की ती सांध्यावर मोडणार हे ठरलेले. अशा ठिकाणी मऊ भाग पक्क्या थरापर्यंत काढून मुरूम भरा, आणि खडकाचा उंचवटाही फूटभर फोडून त्यावर मुरमाचीच गादी करा. सगळीकडे बैठक एकसारखी हवी. टणक नसली तरी एकसारखी हवी.

खोल काळीत मुरूम लागतच नाही तेव्हा काय करायचे? तळाच्या खाली आणखी दोन ते तीन फूट आणि चारी बाजूंनी तेवढेच रुंद खोदून काळी बाहेर काढायची, आणि तिच्या जागी न फुगणारा, थोडी चिकटमाती असलेला मुरूम भरायचा. मुंबईच्या आय.आय.टी.तले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या काळीवर दीर्घ संशोधन केले. असा मुरमाचा सुमारे मीटरभर थर घट्ट बसवला तर खालच्या काळीचे फुगणे पुष्कळ दबते, हे त्यांनी दाखवले. कालव्यांच्या अस्तराखाली तो थर वापरतात. आपल्याकडे काहीजण मुरमाऐवजी वाळू भरतात. वाळू स्वस्त पडली तरी ते करू नये. वाळूच्या पोकळ्यांत पाणी साचून राहते आणि खालच्या काळीला बारमाही पाणी पाजते.

मुरूम भरताना कंजुषी मुरमाची होत नाही, कष्टाची होते. एकदम ट्रॉली उलटून वरून पाणी सोडले की झाले, असे समजतात. तसे नाही. अर्ध्या फुटाचा एक थर पसरा, मुठीत दाबला तर लाडू वळेल एवढाच ओला करा, आणि धुमसाने वा रोलरने टाच रुतणार नाही इतका ठोका. मग दुसरा थर. तीन फुटांना सहा थर होतात. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या थरानंतर माणसे कंटाळतात. मालकाने त्या दिवशी तालुक्याला जाऊ नये, एवढेच सांगणे.

मुरमावर तीन इंच म्हणजे ७५ मिलिमीटरचा कच्च्या काँक्रीटचा थर. याने सळईला माती लागत नाही आणि पाण्याच्या नळीने पातळी धरता येते. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला तर आणखी चांगले. टाकी आकसताना ती जमिनीला न अडकता सरकते, त्यामुळे तळात आपोआप भेगा पडत नाहीत.

सळईविषयी एकच तत्त्व सांगतो, बाकी नकाशा अभियंत्याकडून करून घ्यावा. टाकीला तीन वेळा परीक्षा द्यावी लागते. भरलेली आणि भोवती माती नाही, तेव्हा पाणी भिंतींना बाहेर ढकलते. रिकामी आणि भोवती माती, तेव्हा माती आत ढकलते. रिकामी आणि भोवती पाणी, तेव्हा तळही वर ढकलला जातो. जोर कधी आतून, कधी बाहेरून. म्हणून भिंतीत दोन्ही अंगांना जाळी पाहिजे आणि तळातही खाली-वर दोन जाळ्या पाहिजेत. गवंडी एक जाळी मधोमध उभी करून "भक्कम आहे" म्हणतो. ती कोणत्याच बाजूला धड भक्कम नसते. भिंत आणि तळ जिथे भेटतात तिथे, आणि चारी कोपऱ्यांत, सळया वाकवून एकमेकींत गुंतवाव्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे कशी बसली ते ज्यांनी पाहिले, त्यांना कोपऱ्यांचे महत्त्व सांगायला नको. त्या भिंती जाड होत्या, पण दगडाला दगड आणि भिंतीला भिंत बांधलेली नव्हती. त्या भूकंपानंतर २००२ साली भूकंपाच्या नकाशात तो परिसर वरच्या, म्हणजे तिसऱ्या विभागात घातला गेला. अभियंत्याला हे माहीत असते. तरी तुम्ही आठवण करून द्यावी.

सळईवर काँक्रीटचे कवच ४५ मिलिमीटरचे, म्हणजे पावणेदोन इंचांचे ठेवावे. त्यासाठी सिमेंटचे तयार ठोकळे मिळतात. खाली खडीचे तुकडे सरकवू नयेत, त्यांच्या कडेनेच पाणी वाट काढते. घराचे १:२:४ हे जुने माप टाकीला चालत नाही. मानकात एम ३० दर्जाचे काँक्रीट सांगितले आहे आणि ५० किलोच्या पोत्याला पाणी फार तर साडेबावीस लिटर. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही यातच आले. नदीची वाळू आता दुर्मिळ झाली, क्रशरची वापरतात. तिच्यात भुकटी जास्त असली की गवंडी पाण्याची बादली वाढवतो. ती बादली अडवणे हे घरच्या माणसाचे काम. माल घट्ट वाटला तर व्हायब्रेटर चालवावा, पाणी घालू नये.

तळ एका दिवसात, सांधा न ठेवता पुरा करावा. त्याच वेळी भिंतीची चार इंचांची सुरुवातही तळाबरोबर ओतून घ्यावी आणि तिच्यात पाणी अडवणारी पी.व्ही.सी. पट्टी उभी अर्धी गाडून ठेवावी. वरची अर्धी पट्टी पुढे भिंतीत जाते. हा सांधा म्हणजे टाकीचा गळा. दहांतल्या सात-आठ टाक्या इथेच गळतात असे माझे मत आहे. कोणी मोजलेले नाही, पण टाक्या दुरुस्त करणारे मिस्त्रीही हेच सांगतात. दोन आठवडे पाणी मारणे चुकवू नये. तळावर तर कडा बांधून पाणीच उभे करावे.

माती लोटण्याआधी टाकी तपासा. ती उघडी असतानाच भरा, म्हणजे ओल कुठे फुटते ते डोळ्यांनी दिसेल. सात दिवस काँक्रीटला पाणी पिऊ द्या. मग पातळीवर खूण करा आणि आणखी सात दिवस थांबा. त्या सात दिवसांत झाकलेल्या टाकीत ४० मिलिमीटरांपर्यंत, म्हणजे दीड इंचापर्यंत उतार चालतो असे जुन्या मानकात दिले होते. घरगुती टाकीला मी तरी त्याच्या निम्मेच मान्य करीन.

मग भराव. काढलेली काळी पुन्हा भोवती लोटू नका. ती दरवर्षी फुगून भिंतींवर रेटा देईल. ती शेतात पसरा, सोने आहे. टाकीभोवती मुरूमच भरा, थराथराने ठोकून. वरच्या बाजूला मीटरभर रुंदीचा कोबा किंवा फरशी, बाहेरच्या अंगाला उतार देऊन. छताचे जादा पाणी नळीने दूर न्या. टाकीचा माथा अंगणापेक्षा फूटभर उंच ठेवा. कडुनिंब, बाभूळ, पिंपळ यांसारखे झाड त्याच्या उंचीइतक्या अंतराच्या आत नको. उन्हाळ्यात मुळे माती शोषून कोरडी करतात आणि एका बाजूची काळी आकसते. शौचालयाचा शोषखड्डा निदान पन्नास फूट दूर हवा. झाकणाला कुलूप हवे. आणि बंद टाकीत धुवायला उतरायचे असेल तर दोन तास झाकण उघडे टाकून, बाहेर दुसरा माणूस दोर धरून उभा राहिल्यावरच उतरा.

एवढे सगळे करायचे तर खर्च वाढतो, हे खरे आहे. मुरूम, जादा खोदाई, बाहेर काढलेली कड या तिन्हींमुळे मावसभावाच्या नव्या टाकीला पहिल्यापेक्षा बराच जास्त खर्च आला. पण पहिलीचे पैसे आणि तीन उन्हाळ्यांचे टँकर त्यात धरले, तर महाग कोणती पडली? १९७२ चा दुष्काळ आपल्या वडिलांनी काढला. २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण पाहिले. चाळीस-पन्नास हजार लिटर पाणी वर्षाच्या चार महिन्यांत भेगेतून जमिनीला पाजायची चैन आपल्याला परवडणारी नाही.

त्याने नवी टाकी जुन्या जागेपासून दोनशे फुटांवर, शेताच्या उंचवट्याला घेतली. तिथे सात फुटांवर मुरूम लागला. जुनी टाकी त्याने फोडली, तिचे तुकडे वस्तीच्या वाटेवर पसरले. नवी भरली त्या आठवड्यात मी तिकडेच होतो. वहिनी रोज संध्याकाळी तीच वेळूची काठी घेऊन यायच्या, बुडवायच्या, नखाने खूण करायच्या आणि काही न बोलता परत जायच्या. सातव्या दिवशी पाणी करंगळीच्या अर्ध्या पेराइतके उतरले होते. त्यांनी काठी पदराने पुसली, भिंतीला टेकवून ठेवली आणि भावाला म्हणाल्या, "आता लोटा मुरूम."